फळांची गार जेली, त्यात गोळ्या: तुमच्याकडं कशी जमली ते सांगा

टिळकवाडी, बेळगाव

एप्रिलची सुट्टी लागली की आमच्या गल्लीतली सगळी बारकी पोरं दुपारी आमच्याच कट्ट्यावर असतात आणि तीन वाजले की एकच विचारणं, काकी गार काय आहे. सरबत झालं, कोकम झालं, ताक कुणालाच नको असतं, म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून मी जेली करायला लागले. पाकिटातली नुसती लाल थरथरणारी नव्हे, त्यात खरी फळं, काचेच्या पेल्यात दोन-तीन रंगांचे थर आणि आत-वर गोळ्या, त्या दिसल्या की पोरं पेला उजेडात धरून आधी मोजतात आणि मग खातात. आता लेकीनं धरून ठेवलंय की यंदा वाढदिवसाला केक नको, जेलीच कर. वाढदिवस पुढच्या रविवारी, पोरं सोळा. म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारतेय, ज्यांनी केली असेल त्यांनी जमलेलं-बिघडलेलं सगळं सांगा.

आधी माझं बिघडलेलं सांगते. पहिल्यांदा केली तेव्हा गाडीवर शिरसीकडचा छान पिवळाधमक अननस मिळाला होता. जिलेटीन आणलं, गार पाण्यात पाच मिनिटं भिजवलं, कोमट करून विरघळवलं, साखरेच्या पाण्यात घातलं, वरून अननसाच्या ताज्या फोडी आणि पेले फ्रीजमध्ये. संध्याकाळी बघते तर पाणी. रात्री पाणी. सकाळी उठून चहाच्या आधी फ्रीज उघडलं तरी पाणीच, फोडी तळाशी जाऊन बसलेल्या. मला वाटलं जिलेटीन जुनं असणार, दुसरं पाकीट आणलं, परत तसंच. दोन पाकिटं आणि अख्खा अननस गेला आणि पोरांना मी दोन्ही दिवस उद्या म्हणून सांगितलेलं.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. तिसऱ्या खेपेला द्राक्षं घालून केली, ती मस्त बसली, आणि शेजारच्या अक्का दारात आल्या. त्या लिंगायत, घरात अंडंसुद्धा नाही, त्यांची दोन्ही पोरं आमच्याकडं वाढल्यासारखी. त्यांनी सहज विचारलं, इदराग तत्ती अद एन्री, यात अंडं आहे का. मी म्हटलं छे हो अक्का, नुसती फळं आणि साखर. त्या गेल्या आणि मी कचऱ्यातलं पाकीट काढून बघितलं तर त्यावर तपकिरी खूण. जिलेटीन म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेलं असतं हे तोवर मला माहीतच नव्हतं. पेले ट्रेमध्ये मांडून झाले होते. मी ते सगळे आत ठेवले, पोरांना कलिंगड कापून दिलं आणि संध्याकाळी अक्कांना जाऊन जे होतं ते सांगितलं. ज्या पोरांना मी रोज हातानं वाढते त्यांना मी न बघता काय दिलं असतं, हे डोक्यातून बरेच दिवस गेलं नाही.

तेव्हापासून चायना ग्रास वापरते पण त्याचं प्रमाण मला अजून नीट सापडलेलं नाही, कधी रबरासारखी होते कधी चमच्यावर मोडते. तर माझं विचारणं एवढंच, चायना ग्रासचं माप काय, कुठल्या गोळ्या आत टिकतात, आणि ऐनवेळी करंट गेला तर काय करायचं.

शहापूर

ताई, तुमचं जिलेटीन जुनं नव्हतं, अननसानं ते खाल्लं. मी कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जिलेटीन हे प्रोटीन आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रोटीनचे तुकडे करतं, त्यामुळं जाळी बांधलीच जात नाही. पपईत पपेन, किवीत असंच एक, अंजिरात एक. अननस पाच-सात मिनिटं उकळून घेतला की एन्झाइम मरतं, म्हणूनच डब्यातला अननस चालतो, तो गरम करूनच भरलेला असतो. चायना ग्रास मात्र प्रोटीन नव्हेच, ते समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेलं अगर, म्हणजे पिष्टासारखी साखरेची साखळी, त्याला अननस काही करू शकत नाही. ताज्या फोडी बिनधास्त घाला.

आणि दुसरा फरक उन्हाळ्याचा. जिलेटीनची जेली तीस-पस्तीस डिग्रीलाच वितळते, म्हणजे आपल्या एप्रिलच्या दुपारी टेबलावर ठेवली की संपलं. अगर पस्तीस-चाळीस डिग्रीला घट्ट होतं पण एकदा झालं की पंच्याऐंशी डिग्रीपर्यंत गेल्याशिवाय वितळत नाही.

यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी, मी दर वर्षी नव्या पोरांना सांगायचो. १८८१ मध्ये जंतूंचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या बर्लिनच्या लॅबमध्ये जंतू वाढवायला जिलेटीन वापरत होते आणि उन्हाळ्यात ते वितळायचं, शिवाय काही जंतू तर जिलेटीनच खाऊन त्याचं पाणी करायचे, तुमच्या अननसासारखंच बघा. तिथं काम करणारे वॉल्थर हेस वैतागले आणि त्यांनी बायकोला विचारलं, तुझी जेली आणि पुडिंग या उकाड्यात कशी काय टिकते. फॅनी हेस म्हणाल्या, मी अगर घालते. त्यांना ते लहानपणी न्यूयॉर्कमध्ये शेजारच्या डच कुटुंबाकडून कळलं होतं, ते लोक इंडोनेशियातल्या जावा बेटावर राहून आले होते. तेव्हापासून आजपर्यंत जगभरच्या लॅबमध्ये जंतू वाढवायला अगरच्या प्लेटा आहेत. फॅनीबाईंचं नाव त्या काळात कुठंच आलं नाही. तुमच्या फ्रीजमधला पेला आणि माझ्या लॅबमधली प्लेट एकाच स्वयंपाकघरातून आलीत म्हणून मला हे लई जवळचं वाटतं.

निपाणी

आम्ही जैन, त्यामुळं जिलेटीनचा प्रश्नच आला नाही, आई लहानपणापासून चायना ग्रासचीच करायची. आमच्या घरी चालतं, पण आमच्यातल्याच काही घरांत चायना ग्रासही घेत नाहीत, तेव्हा तुमच्याकडं जैन पोरं येणार असतील तर आयांना एकदा विचारा ताई. आणि दिवस मावळायच्या आत द्या, आमची पोरं नंतर खात नाहीत, उगंच बघत बसतील.

आता माझी युक्ती. संत्र्याच्या फोडीसारख्या त्या नारंगी गोळ्या असतात ना, त्या आत घालायच्या नाहीत, त्यांचीच जेली करायची. चायना ग्रासच्या दोऱ्यांचं दहा ग्रॅमचं पाकीट कात्रीनं बारीक कापून अर्धा तास पाण्यात, मग ते साध्या पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळायचं. इथं घाई केली की सगळं गेलं. पळी वर उचलून उजेडात धरायची, पळीच्या पाठीवरून पाणी ओघळताना काचेसारखे बारीक दोरे दिसत असतील तर अजून विरघळलं नाही. एकही दोरा दिसेना झाला की गाळून घ्यायचं, गॅस बंद करायचा आणि त्या गरम पाण्यात पंचवीस-तीस गोळ्या सोडून ढवळत राहायचं. साखर चिमूटभरसुद्धा नको. रंग, वास, गोडी सगळं गोळ्यांचंच, आणि पोरांनी जीभ लावली की लगेच ओळखतात, ती ओळखल्याची तोंडं बघायला मला फार आवडतं.

गॅस बंद करून का, तर या गोळ्यांत आंबट असतं, आणि अगर आंबटाबरोबर उकळलं की त्याची ताकद जाते, जेली लिबलिबीत राहते. लिंबू, कोकम, संत्र्याचा रस काहीही घालायचं तर शेवटी, खाली उतरवल्यावर. तुमची चमच्यावर मोडणारी जेली बहुतेक यानंच मोडली असणार.

खानापूर

आमच्याकडं फ्रीज आहे पण करंटचा भरवसा नाही म्हणून माझा अनुभव तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर. दोन वर्षांखाली मे महिन्यात बहीण पोरांना घेऊन आली होती, जांबोटीच्या रस्त्याला बायका बसतात त्यांच्याकडून करवंदं घेतली दोन शेर, आणि म्हटलं चला यांची जेली करू. करवंदाचा चीक असतो म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवून धुतली, थोड्या पाण्यात शिजवून कुस्करली आणि पातळ फडक्यातनं गाळली, बिया-साली सगळ्या वर राहिल्या, खाली जो रस आला त्याचा रंग काय सांगू, जांभळा-लाल, हाताला दोन दिवस होता. पेले भरून झाले आणि वळीव आला, गारा पडल्या, पत्र्यावर आवाज असा की शेजारी बोललेलं ऐकू येईना, आणि करंट गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

आईनं शांतपणे परात घेतली, विहिरीचं पाणी भरलं, पेले त्यात उभे केले, वर ओलं फडकं, आणि परात माजघरात फरशीवर. तासाभरात सगळी बसली. चायना ग्रासला फ्रीज लागतोच असं नाही, फ्रीज फक्त गार करायला. बाहेर गारा वेचून पोरांनी वाटीत आणल्या होत्या, त्या जेलीवर घालून खायच्या म्हणत होती, आईनं खाऊ दिल्या नाहीत पण वाट्या गारांत ठेवू दिल्या. अंधारात कंदिलाजवळ बसून खाल्लेली ती करवंदाची जेली बहीण अजून फोनवर काढते.

जांभळाची पण करा जूनमध्ये. आठ-दहा जांभळं बिया काढून तशीच आत घालायची, उजेडात धरली की जांभळाच्या भोवती रंग पसरलेला दिसतो.

सदाशिवनगर, हॉस्टेल

हाय काकी. मी आणि माझ्या रूममेटनी कुठली गोळी टिकते याचा नीट प्रयोग केलाय, सहा वाट्या लावून, म्हणून लिहितेय.

रंगीत कवचाच्या चॉकलेटच्या गोळ्या गरम जेलीत टाकल्या तर दहा मिनिटांत कवच विरघळतं आणि सगळं मिळून करडं-तपकिरी होतं. त्या फक्त वर, आणि खायला देताना. लिमलेटसारख्या कडक गोळ्या रात्रभरात निम्म्या होतात, भोवती गोड पाणी सुटतं आणि तिथं खळगा पडतो, पण रंगाचे ढग सुंदर दिसतात, म्हणून दोन तास आधी घातल्या तर मधली अवस्था मिळते, बाहेरून मऊ आतून कडक. साखर लावलेली जेलीची मऊ चौकोनी चॉकलेटं सगळ्यांत चांगली टिकली, फक्त वरची साखर आधी पाण्यानं धुवून पुसून घ्यायची नाहीतर जेली गढूळ होते. टुटीफ्रुटी पण छान, ती तशी कच्ची पपईच असते, पण लाल-हिरवा रंग सोडते.

अस्वलाच्या आकाराच्या रबरी गोळ्या सकाळपर्यंत पाणी पिऊन फुगल्या, दीडपट झाल्या, मऊ गिळगिळीत. आम्हाला गंमत वाटली पण काकी तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे त्या बहुतेक वेळा जिलेटीनच्याच असतात. जेली चायना ग्रासची केली आणि आत ते अस्वल टाकलं तर काय उपयोग. हिरव्या ठिपक्याच्या पण मिळतात, फळांतून काढलेल्या पेक्टिनच्या, पाकीट उलटून बघा. तपकिरी खूण म्हणजे नको. आणि आकडे असतात ते पण बघा, ४०६ म्हणजे अगर, ४०७ म्हणजे करॅजीनन, ते पण समुद्रातल्या शेवाळाचंच. बाजारातल्या हिरव्या ठिपक्याच्या जेली क्रिस्टलमध्ये बऱ्याचदा हेच असतं.

आणि सगळ्यांत भारी, तोंडात फटफट फुटणारी ती पावडर. तिच्या दाण्यात दाब देऊन गॅस कोंडलेला असतो, ओल लागली की सुटतो, त्यामुळं जेलीत मिसळली तर भांड्यातच फुटून संपते. प्रत्येकाच्या हातात पेला दिल्यावर वरून चिमूट टाका आणि लगेच खायला सांगा.

शहापूर, जुनी गल्ली

मी लिहायला नातीला बसवलंय, सांगते मी. आमच्याकडं फ्रीज १९८७ साली आलं, त्याच्या आधीची गोष्ट. मोठ्या दिरांचा मुलगा पहिल्या नंबरानं पास झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या काहीतरी नवीन कर. तेव्हा जेलीचं पाकीट म्हणजे अपूर्वाई. बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा पोत्यात भुसा घालून सायकलवर आणला यांनी, तो फोडून परातीत, वर जाडं मीठ, त्यात पितळेची कल्हईची पातेली. वरून वाटीनं झाकून चार तास मी तिथून हलले नाही, मांजर येईल म्हणून. गोळ्या तेव्हा बरणीतल्या, पैशाला मिळायच्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या. ठेचून वर घातल्या होत्या, दाताखाली कडकड वाजायच्या आणि खालची जेली मऊ. त्या कडकड वाजण्यालाच सगळे हसत होते. सासूबाईंनी दोनदा घेतली, त्या कधी कशाला चांगलं म्हणायच्या नाहीत.

ठेचलेल्या गोळ्या अगदी वाढताना घाल गं, आधी घातल्यास तर पाक होतो.

अनगोळ

वहिनी नमस्कार. आमचं लग्नकार्याचं जेवण करायचं काम, जेलीचे पेले दोनशे-दोनशे लावतो, त्यामुळं माप विचारलंत ते सांगतो. चमच्यानं मोजू नका, काट्यावर मोजा. अगरची पावडर एक लिटरला आठ ग्रॅम म्हणजे पेल्यातून काढली तरी उभी राहते, सहा ग्रॅम म्हणजे चमच्यानं खायची मऊ. पोरांना सहाच करा. दोरे असतील तर दहा ग्रॅमचं पाकीट पाऊण लिटरला धरा. पावडर गरम पाण्यात एकदम टाकायची नाही, गुठळ्या होतात, गार पाण्यात कालवून मग गॅसवर, आणि उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं उकळायलाच पाहिजे, नुसती गरम करून चालत नाही.

थरांचं बघा. खालचा थर पूर्ण गार होऊ दिला तर वरचा त्याला धरत नाही, चमचा घातला की वरचा सरकून बाहेर येतो, मी सुरुवातीला एका मुंजीत असं अख्खं टेबल बघितलंय, पाहुणे चमच्यानं वरचा थर ढकलत होते आणि मला कोपऱ्यात उभं राहवेना. बोट लावून बघायचं, बोटाला चिकटतो पण बोट आत जात नाही अशी वेळ आली की वरचा ओतायचा. ओतायचा तो पण बोटाला सोसेल इतका गरम, आणि थेट नाही, पळीच्या पाठीवरून, नाहीतर खालच्याला भोक पडतं. वरच्या थराचं पातेलं तोपर्यंत गरम पाण्याच्या दुसऱ्या पातेल्यात ठेवा, अगर बसायला लागलं तर पाच मिनिटांत पातेल्यातच बसतं.

फळं फ्रीजमधली गार घालू नका, त्यांच्याभोवती लगेच गुठळी बांधते. चिरून फडक्यावर कोरडी करून ठेवा. कलिंगड नको, लई पाणी सोडतं. पांढरा थर पाहिजे तर दुधापेक्षा नारळाचं दूध, वर संत्र्याचा थर आला तरी फुटायची भीती नाही. रंगाला डाळिंब, हिरवी द्राक्षं उभी चिरून, आंबा. सोळा पोरं म्हणजे वीस पेले धरा, दोन मोडणार, दोन घरातले मागणार.

येळ्ळूर

मी शाळेत शिकवते, पोरांच्या डब्यात-वाढदिवसांत बरंच बघितलंय, म्हणून मधेच येऊन सांगते, कुणी रागावू नका. सोळा पोरांत कुणाचं धाकटं भावंड येणारच, दोन-तीन वर्षांचं. त्याच्या पेल्यात कडक गोळी अजिबात नको आणि अख्खं द्राक्षही नको, उभे चार काप करायचे. जेलीबरोबर गोळी सुळकन घशात जाते, चावायच्या आधी. ती बारक्या कपातली ओढून खायची जेली असते, कोंजॅक नावाच्या कंदाची पावडर घातलेली, त्यानं पोरं गुदमरली म्हणून युरोपात तिच्यावर बंदी आली. आपली चायना ग्रासची चमच्यावर मोडते, तिची तेवढी भीती नाही, तरी बारक्यांना बसवून खायला द्या, पळता पळता नको.

आमच्या वर्गात एकदा एका पोराला लिमलेटची गोळी अडकली होती, पाठीवर थापट्या मारून निघाली. ते दोन मिनिटं मी विसरले नाही.

चिकोडी

माझी तीनदा बसलीच नाही. प्रमाण बरोबर, उकळलं बरोबर. शेवटी कळलं की ज्या दुकानातून आणली तिथं पावडर सुटी विकतात, बरणी उघडीच असते, ओल धरलेली होती आणि किती जुनी देव जाणे. बंद पाकिटातली आणली, पहिल्या खेपेला बसली. आणि आधी बशीत एक चमचा टाकून बघायचं, पाच मिनिटांत थरथरायला लागला तर पुढं जायचं, नाहीतर पातेलं परत गॅसवर घेऊन थोडी पावडर वाढवता येते. फळं घालायच्या आधीच हे करा.

टिळकवाडी, बेळगाव

झाला वाढदिवस, सगळ्यांना सांगायला आलेय.

बावीस पेले केले, शनिवारी रात्री. खाली निपाणीच्या वहिनींची नारंगी गोळ्यांची, मध्ये नारळाच्या दुधाचा पांढरा, वर साध्या साखरपाण्याचा पारदर्शक थर आणि त्यात ताजा अननस, डाळिंब आणि मऊ चौकोनी चॉकलेटं, साखर धुवून. ताजा अननस घालताना हात थांबला होता खरं सांगते, पण बसला, अगदी फोडी मध्येच तरंगत उभ्या राहिल्या. अनगोळच्या भाऊंनी सांगितलेलं बोट लावून बघणं पहिल्या सतरा पेल्यांना जमलं, मग फोन आला, मी दहा मिनिटं बोलत राहिले आणि शेवटच्या पाच पेल्यांचा वरचा थर सुटा राहिला. ते आम्ही घरच्यांनी खाल्ले.

शनिवारी मी अक्कांना मुद्दाम स्वयंपाकघरात बोलावलं. स्टुलावर बसल्या, मी पाकिटं हातात दिली, चायना ग्रासचं, गोळ्यांचं, चॉकलेटांचं, त्या एकेक ठिपका बघत गेल्या, कॉलेजच्या पोरीनं सांगितलेला ४०६ पण मी दाखवला. दोरे उकळताना पळी त्यांनीच धरली, उजेडाकडं तोंड करून, आणि दोनदा म्हणाल्या अजून आहे, अजून आहे. तिसऱ्या वेळी मान हलवली. मला ते बघून किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

रविवारी चारला वळीव आलाच आणि करंट गेलाच. पेले टेबलावर दोन तास होते, एकही वितळला नाही. बारक्या तिघांचे पेले वेगळे, गोळ्या नाहीत, डाळिंब नाही, नुसता आंबा बारीक चिरून. बाकीच्यांच्या पेल्यावर मी एकेक चिमूट ती फुटणारी पावडर टाकत गेले आणि सोळा पोरं एकदम गप्प झाली, पेले कानाला लावून ऐकत होती, मग एकदम आरडाओरडा. अक्कांचा धाकटा पेला सोडेना, चाटून पुसून आईकडं नेऊन दाखवला. अक्कांनी पण पूर्ण खाल्ली आणि म्हणाल्या, भाळ चलो आगेद्री, फार छान झालीय. पुढच्या महिन्यात त्यांच्या थोरल्याचा वाढदिवस, तेव्हा त्यांच्याकडं करायची, त्या करणार आणि मी शेजारी उभी राहणार असं ठरलंय.

संकेश्वर

उशिरा बघितलं. आमच्या परड्यात बरका फणस लागलाय, मऊ गऱ्यांचा, त्याची करता येईल काय? गोळ्या कुठल्या घालू त्यात?

अनगोळ

येते की. गरे बिया काढून मिक्सरला फिरवा, जाड गाळणीनं गाळा म्हणजे धागे वर राहतात. अगर वेगळं उकळून खाली उतरवल्यावर त्यात हा रस आणि नारळाचं दूध निम्मं निम्मं, साखर आधी चाखून मगच, बरका लई गोड असतो. गोळ्या त्यात घालू नका, वासाला वास लागतो. काजू भाजून वर टाका.